दादा, तो ‘वाय’ दाबू दिला नाहीत म्हणून

दादा,

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही ‘बरं, ठेव आता’ म्हणून मोकळे होता. म्हणून हे उघड पत्र.

माझ्या कॉम्प्युटरची 500 जीबीची डिस्क गेली तेव्हा मी तशी निवांत होते. इमेज होती ना, म्हणजे अख्ख्या डिस्कची साठवून ठेवलेली प्रत! दोन महिन्यांपूर्वी, तुम्ही मागेच लागलात म्हणून, क्लोनझिला या डिस्कची प्रत घेणाऱ्या प्रोग्रॅमने एक्स्टर्नल डिस्कवर घेतलेली. डेटा जेमतेम 120 जीबी, म्हणून 480 ची नवी डिस्क घ्यायला निघाले, तर तुम्ही अडवलंत. इमेजमध्ये फक्त भरलेला भाग असला, तरी पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या भागांची, मापं जुन्या डिस्कचीच राहतात; समोर लहान डिस्क आली की क्लोनझिला सरळ नकार देतं. ‘1 टीबीची घे.’ घेतली.

आणि तिथेच घोळ झाला. फोटोंची दुसरी डिस्कही 1 टीबीचीच! इमेज नव्या डिस्कवर उतरवायला, म्हणजे रिस्टोअर करायला बसले, तर स्क्रीनवर डिस्कची नावं नुसती एसडीए, एसडीबी, आणि दोन्हींपुढे तोच आकडा. पहिली म्हणजे सी ड्राइव्ह, असं गृहीत धरून मी एसडीए निवडली. या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, वाय की एन? बोट वायवर होतं.

‘थांब. पूर्ण ओळ वाच, मॉडेल नंबरसकट.’

वाचता वाचता घशाला कोरड पडली. ती फोटोंची डिस्क होती. अकरा वर्षांचे फोटो. (दुसरी प्रत नव्हती. हो, कळलं.)

तुम्ही ओरडला नाहीत. ‘एन दाब, मशीन बंद कर आणि त्या डिस्कची केबलच काढ,’ एवढंच.

रिस्टोअर झाला, पण विंडोज काही सुरू होईना. ‘बायोसमध्ये काही चाळे केलेस का?’ केले होते. क्लोनझिलाचा पेनड्राइव्ह चालेना म्हणून मशीन सुरू होण्याच्या त्या सेटिंगमध्ये बूट मोड लेगसी, म्हणजे जुन्या पद्धतीचा, करून ठेवला होता, आणि माझं विंडोज यूईएफआय या नव्या पद्धतीत बसवलेलं. मोड परत बदलला आणि डेस्कटॉप जसाच्या तसा समोर. कोपऱ्यात माझीच पिवळी चिठ्ठी: ‘दादा ओरडायच्या आत इमेज घे.’ इमेज घेतल्यावर ती पुसली होती. इमेजमध्ये मात्र तशीच राहिली.

मधल्या दोन महिन्यांच्या फायली गेल्या. त्या पुन्हा करीन.

काल नवी इमेज घेतली. फोटोंचीही वेगळी प्रत केली. आणि तुम्ही विचारायच्या आत सांगते: हो, इमेज रिस्टोअर होण्याजोगी आहे का तेही तपासलं.

तुमची,
वायवर बोट ठेवून बसलेली