टूथपेस्टच्या खोक्यावर 'नॅनो'चे प्रमाणही छापावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एक आई आपल्या दहा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आली आणि पिशवीतून 'नॅनो' म्हणून खपणारी टूथपेस्टची महागडी नळी काढून टेबलावर ठेवत म्हणाली, "डॉक्टर, ह्या नॅनोनं डाग जातील ना?" मुलाच्या वरच्या चारही पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे होते. केळापूर तालुक्यातील काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त आहे, हे आम्हा यवतमाळकरांना नवे नाही. पण त्यामुळे, दात हिरडीखाली घडत असतानाच पडलेले हे डाग कोणत्याही पेस्टने घासून निघत नाहीत, हे तिला सांगणे माझ्या जिवावर आले.

नळी मी भिंगाखाली वाचली. 'हायड्रॉक्सीॲपेटाइट' हे नाव होते. ते किती टक्के आणि त्याचे कण केवढे, याचा पत्ता नव्हता.

हा पदार्थ मात्र थोतांड नाही. दातावरच्या कठीण आवरणाचा, म्हणजे इनॅमलचा, वजनाने सुमारे ९६ टक्के भाग याच जातीच्या कॅल्शियम-फॉस्फेटच्या खनिजाचा असतो. त्याचे नॅनोमीटरमध्ये (मीटरचा अब्जावा भाग) मोजण्याइतके बारीक कण आम्लाने पडलेल्या सूक्ष्म खड्ड्यांत बसतात, शिवाय गार पाण्याने दात शिवशिवतात तेव्हा उघड्या पडलेल्या, इनॅमलखालच्या थरातील एक ते तीन मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंदीच्या नलिकांची तोंडेही ते बुजवतात. जपानने १९९३ मध्येच त्याला कीडरोधक घटक म्हणून मान्यता दिली. पेस्ट गिळणाऱ्या लहान मुलांसाठी, विशेषतः आमच्यासारख्या फ्लोराइडग्रस्त भागात, फ्लोराइडविरहित पर्याय म्हणून त्याचा विचार जरूर व्हावा. ज्यांच्या पाण्यात फ्लोराइड बेताचे आहे, त्यांनी मात्र जाहिरातीला भुलून फ्लोराइडची साधी पेस्ट टाकून देऊ नये. कीड रोखण्याचा तिचा पुरावा कितीतरी मोठा आहे.

प्रश्न आहे तो कणांच्या आकाराचा. युरोपीय संघाच्या वैज्ञानिक समितीने सुईसारख्या आकाराचे कण वापरू नयेत असे आधीच सांगितले होते आणि २०२३ मध्ये विशिष्ट आकाराचे कण टूथपेस्टमध्ये १० टक्क्यांपर्यंत सुरक्षित ठरवले. घटकाच्या नावापुढे कंसात 'नॅनो' लिहिणे तिथे २०१३ पासून बंधनकारक आहे. आपल्याकडे फ्लोराइड १००० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत १००० भाग) जास्त नसावे आणि त्याचे प्रमाण नळीवर व खोक्यावर छापावे, असा नियम आहेच. मग तोच दंडक नॅनो घटकांना लावून टक्केवारी आणि कणांचा आकार छापण्याची सक्ती करायला कोणती अडचण आहे? आज 'नॅनो' हा शब्द खोक्याच्या दर्शनी बाजूला ठळक असतो आणि मागच्या बारीक छपाईत नेमका गायब होतो.

यात आम्ही दंतवैद्यही धुतल्या तांदळासारखे नाही. किडलेली दाढ भरताना जे पांढरे कंपोझिट आम्ही वापरतो, त्यांतील अनेकांत वर्षानुवर्षे नॅनो आकाराचे कण आहेत. किती रुग्णांना आम्ही ते सांगितले? मी तरी सांगितले नव्हते.

त्या आईला मी नळी टाकू नका म्हणालो, पण पुढच्या खेपेला येताना बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल आणायला सांगितले. घरात धाकटी मुलगी आहे, दीड वर्षाची. तिचे पुढचे कायमचे दात अजून घडत आहेत.

आपला,
एक दंतवैद्य, जि. यवतमाळ