गटाराची मोजमाप पुस्तिका आणि काका

आदरणीय काका,

नाव लिहायचं नाही, ही तुमची अट पाळते आहे. आभार मानायचे नाहीत, असं काही तुम्ही म्हणाला नव्हता.

गल्लीतलं गटार अर्धवट टाकून ठेकेदार निघून गेला, तेव्हा नगरपरिषदेवर प्रशासक होते. ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि राज्यभर निवडणुका लांबल्या. मुदत संपलेले नगरसेवक 'आता आमच्या हातात काही नाही' म्हणायचे (पहिल्यांदाच खरं बोलत होते), आणि मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनबाहेरचं बाकडं मला पाठ झालं होतं. शेवटी चिडून माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. काम अर्धवट का? बिल का काढलं? जबाबदार कोण? वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. तीस दिवस भरता भरता एका ओळीचं उत्तर आलं: मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.

तो कागद घेऊन तुमच्या ओट्यावर आले. तुम्ही वाचलात आणि चक्क हसलात. मला भयंकर राग आला होता, आज सांगते. मग म्हणालात, "अगं, त्या टेबलावर मीच होतो. असे कितीतरी अर्ज याच ओळीनं मी परत पाठवलेत."

पुढचा तासभर जे सांगितलंत, ते मला कुणी शाळेत शिकवलं नव्हतं. २००५ च्या कायद्यानं कागद मिळतो, कारण मिळत नाही. दप्तरात आहे तेवढंच ते देणार. म्हणून 'का' खोडायचा आणि तिथे कागदाचं नाव लिहायचं: अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, देयकाची प्रत, मोजमाप पुस्तिकेची पानं. एका अर्जात एकच विषय, तोही १५० शब्दांत, नाहीतर नियमावर बोट ठेवून परत. आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. मोजमाप पुस्तिका हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. कुठे किती लांबी, रुंदी, खोली मोजली हे तिच्यात लिहिलेलं असतं आणि ठेकेदाराचं बिल तिच्यावरूनच निघतं! आम्ही वर्षानुवर्षं साहेबाला शिव्या घालत होतो, आणि सगळं त्या वहीत होतं.

२०१८ च्या शासन निर्णयानं दर सोमवारी ३ ते ५ दप्तर बघायला मिळतं, हेही तुमच्याकडूनच कळलं. वही पाहिली. वहीतलं गटार चौकापर्यंत गेलेलं होतं. मग भर उन्हात, एक हात गुडघ्यावर ठेवून, तुम्ही टेपचं दुसरं टोक धरलंत. टेप विजेच्या खांबापाशीच थांबला. चौक तिथून चांगला लांब.

मी लगेच ग्रुपवर 'चोर' लिहायला निघाले होते. तुम्ही मोबाइल काढून घेतलात. "चोर म्हणालीस की सगळं ऑफिस त्यांच्या बाजूनं उभं राहतं. नकाशा काढ, पानं जोड, मुख्याधिकाऱ्यांना दे, एक प्रत कलेक्टरला." तुमच्या त्या जुन्या टेबलावरच्या माणसानं आवक क्रमांक टाकताना पानं उलटली, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "बरोबर लिहिलंय." तुम्हाला हे सांगायचं राहिलं होतं.

पावसाच्या आधी ठेकेदार परत आला. काम चौकापर्यंत गेलं. चार दिवसांत चौकात फ्लेक्स: 'आमच्या पाठपुराव्याला यश', हात जोडलेल्या भावी नगरसेवकासह. मी तडकले, तुम्ही म्हणालात, मत मागायला येईल तेव्हा बघू. २०२५ च्या निवडणुकीत आला. मी एवढंच विचारलं, गटाराची लांबी किती? "ताई, बघून सांगतो," म्हणाला. अजून बघतोय.

तुमची हिरवी फाइल माझ्याकडेच आहे. अर्जाचे नमुने, तुमच्या अक्षरातल्या समासातल्या टिपा, सगळं शाबूत. परत मागू नका इतक्यात. मागच्या गल्लीतल्या बायका पाण्याच्या टाकीच्या कामाची कागदपत्रं मागवताहेत, आणि त्यांच्या पहिल्या अर्जात पाच वेळा 'का' आहे.

तुमची,
खांबाजवळच्या घरातली