ताईच्या आजाराविषयी

गंगापूर रोड,
नाशिक.

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

बोटे जाड होणे आणि डोक्यातली गाठ यांचा संबंध काय, असे तू पत्रात विचारले आहेस. फोनवर हे अर्धवट सांगण्यापेक्षा सविस्तर लिहितो.

ताईच्या आजाराचे नाव अ‍ॅक्रोमेगॅली. पिएर मारी या फ्रेंच डॉक्टरांनी १८८६ साली ते दिले. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिच्यात झालेली गाठ वाढीचे संप्रेरक गरजेपेक्षा जास्त सोडत राहते. ही गाठ जवळजवळ नेहमीच कर्करोगाची नसते, हे आधीच सांगतो, कारण ‘गाठ’ हा शब्द ऐकून आईला दोन दिवस अन्न गोड लागले नव्हते. या संप्रेरकामुळे यकृतात आयजीएफ-१ नावाचे द्रव्य तयार होते आणि वाढीचे बरेचसे काम तेच करते. लहानपणी, हाडांची टोके जुळण्याआधी, हा बिघाड झाला तर उंची अतोनात वाढते. प्रौढपणी ती वाट बंद झालेली असते, म्हणून हात, पाय, जबडा, नाक आणि जीभ रुंद व जाड होत जातात.

हे सारे इतक्या संथपणे घडते की निदानाला अनेकदा वर्षानुवर्षे लागतात. ताईची अंगठी सराफ बाजारातून वाढवून आणली, चपलेचे माप बदलले, दातांत फटी पडल्या, घोरणे वाढले. शिवाय मधुमेह, रक्तदाब आणि मनगटातल्या मुंग्या यांवर वेगवेगळे उपचार चालू होतेच. प्रत्येक उपचार आपापल्या जागी योग्य होता, पण या तक्रारींचे मूळ एक असेल, ही शंका मधुमेहाच्या डॉक्टरांना तिचे लग्नातले छायाचित्र पाहिल्यावरच आली. त्यांच्या त्या नजरेचे ऋण मी जन्मभर मानीन.

पुढचे निदान रक्तानेच केले. वाढीच्या संप्रेरकाचे प्रमाण दिवसभर वरखाली होते, म्हणून ते एकदाच मोजून भागत नाही. आयजीएफ-१ मात्र बरेच स्थिर असते आणि ताईचे ते फार वाढलेले निघाले. मग तिला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तास ठरावीक अंतराने रक्त घेतले. निरोगी माणसात साखरेनंतर वाढीचे संप्रेरक अगदी खाली जाते. तिचे गेले नाही. एमआरआयमध्ये गाठ १० मिलिमीटरहून मोठी दिसली. डोळ्यांच्या नसा ग्रंथीच्या वरूनच जात असल्याने दोन्ही बाजूंची नजरही तपासली. सुदैवाने ती शाबूत आहे.

शस्त्रक्रिया नाकातून केली, कवटी उघडावी लागली नाही. अंगठी आता सैल होऊ लागली आहे आणि घामही कमी झाला आहे, कारण मऊ भागांची सूज ओसरते. वाढलेले हाड मात्र मागे जात नाही. जबडा तसाच राहणार, हे ताईने धीराने स्वीकारले आहे, तरी भेटायला येणारे तिच्या चेहऱ्याविषयी बोलतात तेव्हा मला फार वाईट वाटते. तू येशील तेव्हा तो विषय काढू नकोस, एवढी विनंती.

साधारण तीन महिन्यांनी आयजीएफ-१ पुन्हा मोजायचे आहे. ते वाढलेलेच राहिले, तर दरमहा ऑक्ट्रिओटाइडसारखे, हे संप्रेरक दाबणारे इंजेक्शन घ्यावे लागेल, क्वचित किरणोपचारही. या आजारात आतड्यात गाठी होण्याचा संभव असल्याने कोलोनोस्कोपीही, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, सांगितली आहे. अहवाल हाती आला की लगेच कळवतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत