मोतीच्या पोटावरचा लाल पट्टा

प्रिय सई,

तू पाठवलेले मोतीच्या पोटाचे फोटो मोठे करून पाहिले. ही लाली कात टाकायच्या आधीची असेल का, असं विचारलंस. मोतीसारख्या बॉल पायथनचं (अजगराच्या कुळातल्या या छोट्या, बिनविषारी सापाचं) पोट कात टाकायच्या आधी गुलाबी होतं हे खरं, पण तेव्हा ते सगळीकडे सारखंच गुलाबी दिसतं आणि डोळेही निळसर, धुरकट होतात. इथे डोळे स्वच्छ आहेत. लाली मधल्याच दहा-बारा खवल्यांवर आहे आणि तिची कड सरळ रेषेत तुटते. ओल्या बिछान्याने खवले कुजतात तेव्हा पिवळे-तपकिरी डाग विखरून पडतात, असे रेषेत नाहीत. ही हीटमॅटची, म्हणजे काचेच्या टाकीखालच्या तापणाऱ्या चटईची, कड आहे. भाजलंय.

आधी मॅटचा प्लग काढ. खारघरच्या पावसाळ्यात खोली सत्तावीस-अठ्ठावीस अंशांवर असते, एखादा दिवस चालेल. मग थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं वायरचं टोक, बघ. तो टाकीच्या आत कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) ठेवला होतास ना? साप त्याला ढकलतो, लघवीने भिजवतो. प्रोबला गारवा कळतो आणि मॅट तापतच राहते. प्रोब बाहेरून, काच आणि मॅटच्या मध्ये बसव. आत मोजून गरम कोपरा बत्तीस अंशांवर आला की मगच चालू ठेव. टाकीच्या आत चिकटपट्टी मात्र कधीच नको, खवले सोलून निघतात.

एक चमचा बेटाडिन, वीस चमचे कोमट पाणी. रंग फिक्या कोऱ्या चहासारखा हवा. गॉझ भिजवून पाच मिनिटं टेकव, घासू नकोस. कोरडं करून सिल्व्हर सल्फाडायझिन १ टक्का या भाजल्यावरच्या क्रीमचा अगदी पातळ थर. रोज एकदा. फोड फोडायचे नाहीत. डेटॉल नको, हायड्रोजन पेरॉक्साइड नको, बधिर करणारं मलम तर नकोच. आजी हळद-तेल सुचवेल; तिला हो म्हण आणि लावू नकोस.

कोकोपीट काढून साधा किचन रोल अंथर, रोज बदल. पाण्याचं भांडं एवढं लहान ठेव की त्याला आत वेटोळं घालून बसता येणार नाही. जिवंत उंदीर बंद. अशा वेळी उंदीरच त्याला चावतो.

खवले काळपट-चामडी झाले, वास आला, किंवा लाल ठिपके पोटभर पसरले तर त्याच दिवशी डॉक्टर. साप बघतात का, हे आधी फोनवर विचार. सगळे बघत नाहीत. मोतीला कापडी पिशवीत घालून स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन कर, रिकाम्या पिशवीचं वजा कर. डोस ग्रॅमवर ठरतो. सेफ्टाझिडिमसारखं अँटिबायोटिक इंजेक्शन दिलं तर ते ७२ तासांनी एकदाच असतं आणि शरीराच्या पुढच्या अर्ध्या भागात देतात, म्हणजे ते आधी मूत्रपिंडांतून जात नाही. परिवेशच्या, म्हणजे परदेशी प्राणी नोंदवायच्या सरकारी पोर्टलच्या, नोंदणीचा कागद सोबत घे. वॉचमनला अजगर आणि बॉल पायथन एकच.

व्रण जायला दोन-तीन काती लागतील. या दिवसांत काती जरा लवकर टाकेल, घाबरू नकोस. शनिवारी फोटो पाठव, पोटाशेजारी मोजपट्टी ठेवून, त्याच खिडकीच्या उजेडात.

तुझी,
आई
ठाणे