चिकूची लॅसिक्स

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

सकाळी फोनवर फार चिडले, म्हणून आता शांतपणे लिहितेय.

आईने पाठवलेला कालनिर्णयच्या पानाचा फोटो मोठा करून पाहिला. दुधाच्या 'दीड'शेजारी आपल्या कुत्र्याच्या, चिकूच्या श्वासांचे आकडे. मंगळवारपर्यंत २२, २४, २३. मग २९, ३३, ३४, ३६. आणि ३६ पुढे बाबांच्या अक्षरात "ठीक". बाबा, ३६ ठीक नाही हो. झोपेत मिनिटाला तीसच्या आत हवेत. लॅसिक्सच्या गोळ्या मोजायला लावल्या त्या यासाठीच. अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी, आणि पाकिटात पाच गोळ्या जास्त!

गोळ्या चुकवण्याचं कारणही कळलं. तो रात्री हॉलमध्ये शू करतो आणि आईला गुडघे धरून पुसावं लागतं. तिचे हाल बघवले नाहीत तुम्हाला. पण त्याच्या हृदयाची झडप नीट मिटत नाही, रक्त मागे फिरतं आणि फुप्फुसात पाणी साठतं. लॅसिक्स तेच पाणी शूवाटे काढते. फरशी ओली होते ती गोळी काम करतेय म्हणून. आणि आई, शू कमी व्हावी म्हणून रात्री पाण्याचं भांडं उचलून ठेवू नकोस. या गोळीवर असताना त्याला पाणी हवंच. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळची गोळी पाचलाच द्या, म्हणजे झोपेच्या आत बराचसा भर ओसरेल. चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट द्यायची नाही.

हृदयाची दुसरी गोळी, पिमोबेंडन, मात्र जेवणाआधी तासभर, बारा-बारा तासांनी. तूप-पोळीत गुंडाळायची तर पोळी नखाएवढी, अख्खी नाही. चहाबरोबरची खारी बंद, मीठ असतं त्यात. (तो टक लावून बसतो हे माहीत आहे. तुम्ही पाठ करून बसा.) आणि तुमच्या बीपीच्या, आईच्या गुडघ्याच्या गोळ्या त्याच्या डब्यातून आजच बाहेर काढा. गुडघ्याची गोळी कुत्र्याला अर्धीसुद्धा सोसत नाही.

उद्या नऊला त्याला डॉक्टरांकडे न्यायचंच आहे. किडनी आणि पोटॅशियम तपासायला रक्त घेतील. पण आज रात्री श्वास चाळिशीला गेला, हिरड्या निळसर दिसल्या किंवा मान ताणून नुसता बसून राहिला, आडवाच होईना, तर नऊची वाट पाहू नका. मलाही नंतर कळवा, आधी रिक्षा.

शनिवारी येतेय. जुन्या चादरी आणि धुता येणारे पॅड आणते. असेन तेवढे दिवस रात्रीची फरशी माझ्याकडे.

आज तो गाढ झोपला की मोजा. छाती वर गेली, खाली आली की एक. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा. स्वप्नात पाय हलवत असेल तर थांबा. मग मला नुसता आकडा पाठवा. "ठीक" नको.

तुमची,
मनू