खुले पत्र : पाच हजारांत सोळा दिवसांची मजुरी

प्रति,
मा. अर्थमंत्री, महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ च्या कलम ४ मध्ये मातृत्व लाभ किमान ६,००० रुपये ठरवला आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला मिळतात ५,०००. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर ६,०००, मुलगा झाला तर काहीच नाही. बाळंतिणीची झीज काय बाळ बघून ठरते?

योजना आली २०१७ मध्ये. तेव्हा राज्यात रोजगार हमीची मजुरी २०१ रुपये होती. पाच हजारांत जवळपास २५ दिवसांची बुडीत मजुरी निघायची. २०२५-२६ मध्ये हा दर ३१२ झाला, म्हणजे १६ दिवस. पगारदार बाईला कायद्याने २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. तमिळनाडू आपल्या योजनेतून १४,००० रोख आणि ४,००० चे पोषण संच देतं.

एवढी रक्कमही अडकते, ती दोन जागी. पहिला हप्ता (३,०००) आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातो, अर्जासोबतच्या पासबुकातल्या नव्हे. बऱ्याचदा ते खातं शाळेत शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं, माहेरच्या गावातलं आणि बंद पडलेलं असतं. पोर्टलवर ‘जमा’ दिसतं, बाईच्या हाती दमडी येत नाही. दुसरा हप्ता (२,०००) जन्मनोंद आणि १४ आठवड्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर मिळतो. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. लस तिकडे टोचली जाते, अर्ज सासरच्या गावात. तिकडची नोंद इकडे दिसेपर्यंत आशाताईंच्या खेपा सुरूच. ऊसतोडीला गेलेल्या बाईचं तर विचारूच नका.

पैसे थेट खात्यात टाकण्याची यंत्रणा ‘लाडकी बहीण’मुळे राज्याकडे तयार आहे. म्हणून येत्या अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्षाखाली पहिल्या बाळंतपणासाठी १,००० चा फरक आणि दुसऱ्या खेपेला मुलगा झाला तर त्यासाठीही ६,००० ची तरतूद करा. पुढे ही रक्कम रोजगार हमीच्या दराशी बांधा. पहिल्या तपासणीलाच आधारशी कोणतं खातं जोडलंय ते बघायला लावा. खातं बंद असेल तर ग्राम आरोग्य व पोषण दिनी पोस्टमनला बोलावून पोस्टाच्या बँकेत नवं उघडून द्या. लसीची नोंद माता-बाल संरक्षण कार्डावरून, कोणत्याही गावात, त्याच दिवशी ग्राह्य धरा. हे शेवटचं करायला पैसा लागत नाही, नुसता आदेश लागतो.

आपल्या,
गावपातळीवर हे अर्ज भरून घेणाऱ्या कार्यकर्त्या