सुरक्षा प्रशिक्षणाच्या अ‍ॅनिमेशन व्हिडिओतील चुकांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
अ‍ॅनिमेशन विभाग

विषय : ‘कामाच्या ठिकाणचे सुरक्षा धोके’ हा व्हिडिओ दुरुस्त करून मिळणेबाबत.

महोदय,

आमच्या जळगाव एमआयडीसीतील कारखान्यासाठी आपण पाठवलेला ३ मिनिटांचा व्हिडिओ कामगारांना दाखवण्याजोगा नाही.

सर्वांत घातक चूक १:१२ ला आहे. पार्किंगमध्ये सापडलेला पेन ड्राइव्ह अकाउंटंट संगणकाला लावतो, अँटिव्हायरसने तपासतो आणि ‘सुरक्षित’ असा हिरवा शिक्का उमटतो. मंजूर संहितेत हे नव्हते. पेन ड्राइव्हसारखी दिसणारी काही उपकरणे संगणकाला आपण कीबोर्ड आहोत असे भासवतात आणि लावल्याबरोबर स्वतःच कमांड टाइप करतात. तिथे फाइल तपासून काय उपयोग? तो लावायचाच नाही, आयटीवाल्यांकडे द्यायचा, एवढेच दाखवा.

बनावट लिंकच्या दृश्यात कुलपाचे चिन्ह पाहून पात्र निश्चिंत होते. कुलूप म्हणजे मधली देवाणघेवाण सांकेतिक झाली, इतकेच. समोरचा खरा आहे याची ती हमी नव्हे. गैरसमज होतो म्हणूनच क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह बदलले.

गेटवरचा चोर आपण तोंडाला फडके बांधलेला दाखवला आहे. मे महिन्यात जळगावात अर्धे गाव तसेच फिरते! संहितेत दोन्ही हातांत खोकी घेतलेला, ओळखीचा वाटणारा माणूस होता. भिडेखातर वॉचमन त्याच्यासाठी दार धरून ठेवतो, धोका तिथेच आहे.

पडद्यावरचे मराठीही मोडले आहे. ‘लिंक’ची वेलांटी ल च्या पुढे जाऊन ‘लकिं’ असे काहीतरी दिसते. युनिकोडमध्ये आधी ल आणि मग वेलांटी साठवलेली असते; तिला अक्षराच्या अलीकडे आणून बसवणे हे टेक्स्ट इंजिनचे काम. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपींचे इंजिन निवडलेले दिसत नाही. ते निवडून सगळे टेक्स्ट लेयर पुन्हा तपासा. नुसता फॉन्ट बदलून भागणार नाही.

निवेदनात ५२० शब्द आहेत, म्हणजे मिनिटाला १७० च्या वर. यंत्रांच्या आवाजात हे कोणाच्या कानात शिरणार? ३६० पर्यंत आणा, पार्श्वसंगीत दबकेच ठेवा. पैसे गेल्यास तत्काळ फिरवायचा १९३० हा क्रमांक एक सेकंद चमकून जातो. तो ५ सेकंद स्थिर हवा.

‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असा पुरवठादाराच्या नावाने येणारा मेल, हे दृश्य गाळलेच आहे. मेलमधल्या नंबरवर नव्हे, आपल्या वहीतल्या जुन्या नंबरवर फोन करून खात्री करायची, असे त्यात होते. ते परत घाला.

दुरुस्त स्टोरीबोर्ड ७ दिवसांत, व्हिडिओ आणि सबटायटलची वेगळी फाइल १५ दिवसांत मिळावी. तोवर उरलेले ४० टक्के बिल रोखून धरले आहे.

कळावे,
खरेदी विभाग, जळगाव